इंटर्नच्या लॉगबुकावर सही करण्याआधी

डॉक्टर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सातारा जिल्ह्यात डोंगराकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहात. मेडिकल कॉलेजचे इंटर्न कम्युनिटी मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये तुमच्याकडे येतात आणि येताना नीट-पीजीची, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची, पुस्तकं घेऊनच येतात. काम द्यावं तर चुकल्यावर जबाबदारी तुमच्यावर येते. न द्यावं तर पोरं कोपऱ्यात बसून प्रश्नसंच सोडवतात, आणि शेवटच्या दिवशी केलेल्या कामाच्या नोंदींचं लॉगबुक पुढे करून म्हणतात, "मॅडम, तेवढ्या सह्या." या मुलांना डॉक्टर म्हणून कायम नोंदणीपर्यंत नीट कसं न्यायचं आणि सही कशाच्या भरवशावर करायची, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगली-मिरजेकडे फिजिशियन आहे आणि इंटर्नच्या पुष्कळ तुकड्या हाताखालून गेल्या आहेत. माझं उत्तर एका गोष्टीवर उभं आहे. लॉगबुकावरची सही म्हणजे साक्ष. जे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्याचीच सही करायची, आणि पाहिलं त्याच दिवशी करायची. एवढं पाळलं की काम द्यावं की न द्यावं हा प्रश्नच उरत नाही, कारण सही करायची तर पाहावं लागतं आणि पाहायचं तर काम द्यावंच लागतं.

सहीला एवढं महत्त्व का, ते सांगतो. शेवटच्या वर्षाची परीक्षा पास झालेल्या मुलाला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल तात्पुरती नोंदणी देते. तिच्या जोरावर तो नेमून दिलेल्या संस्थेत, वरिष्ठांच्या देखरेखीखालीच काम करू शकतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याला १२ महिन्यांची फिरती इंटर्नशिप पुरी करायची असते. त्यात प्रसूती-स्त्रीरोग ७ आठवडे, मेडिसिन आणि सर्जरी ६-६, बालरोग ३, कॅज्युअल्टी २, आणि कम्युनिटी मेडिसिन तब्बल १२ आठवडे. पोरं तुमच्याकडच्या पोस्टिंगला आरामाचं म्हणत असतील, पण वर्षातला सगळ्यात मोठा तुकडा तोच आहे. वर्ष संपलं की कॉलेज पूर्तता प्रमाणपत्र देतं आणि त्यावर कायम नोंदणी होते. नेक्स्ट नावाची, कायम नोंदणीआधी द्यायची परीक्षा आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात आहे, पण ती अजून सुरू झालेली नाही. म्हणजे तात्पुरत्या आणि कायम नोंदणीच्या मध्ये आजच्या घडीला दुसरी कुठलीही चाळणी नाही, फक्त आपल्या सह्या आहेत.

आणि कायम नोंदणी झाल्यावर काय होतं? शासकीय महाविद्यालयातून आलेल्या मुलावर वर्षभराच्या बंधपत्रित सेवेचं बंधन असतं. बरेच जण जातात. म्हणून सही करताना मी मनाशी एकच प्रश्न विचारतो: ही मुलगी पुढच्या महिन्यात जतच्या पूर्वेला एखाद्या केंद्रावर रात्री एकटी असेल आणि दारात जीप थांबली, तर ही गोष्ट तिला जमेल का? उत्तर "हो" आलं तर सही. "बहुतेक" आलं तर अजून एकदा करून दाखव म्हणायचं.

आता काम कसं सोपवायचं. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला डबा बांधतात. आधी डबा बांधून, मग डबा सोडून पण बाप शेजारी पाण्यात, मग बाप काठावर. इंटर्नच्या बाबतीत लोक दोनच टोकं करतात. एक तर वर्षभर डबा सोडायचाच नाही, नाही तर पहिल्या दिवशी ढकलून द्यायचं आणि आपण घरी जायचं. मधल्या पायऱ्या मोजून घ्याव्या लागतात. पहिल्यांदा ती पाहते आणि तुम्ही करताना मोठ्याने बोलता. दुसऱ्यांदा ती करते आणि तुम्ही शेजारी गप्प उभ्या राहता. तिसरी पायरी म्हणजे ती करते आणि करण्याआधी येऊन सांगते. चौथी, ती करते आणि झाल्यावर सांगते. कुठली इंटर्न कुठल्या कामात कुठल्या पायरीवर आहे, हे तुमच्या टेबलावरच्या साध्या वहीत लिहून ठेवा. सलाइनची सुई लावण्यात चौथ्या पायरीवर असलेली मुलगी प्रसूतीत पहिल्या पायरीवर असू शकते, आणि हे तिला मोकळेपणाने माहीत असलेलं बरं.

गप्प उभं राहणं सगळ्यात अवघड, हे आधीच सांगून ठेवतो. आपला हात आपोआप पुढे जातो. पेशंटला धोका नसेल तोवर हात मागे बांधा.

एक उदाहरण जवळून दाखवतो, कारण तुमच्याकडेही हे रोजचंच असणार: साप चावलेला पेशंट. ऊसतोडीच्या दिवसांत आणि पावसाळ्यात आमच्याकडे घोणस आणि मण्यार दोन्ही येतात. इंटर्नला वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी तोंडपाठ असते. परीक्षेत तिने ती लिहिलेली असते. पण प्रत्यक्ष करताना काय होतं पाहा. ती समोर दिसेल ती नळी उचलते. ती प्लास्टिकची असते, किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेली असते, किंवा आत थेंबभर पाणी राहिलेलं असतं. या तिन्हींत चाचणी फसवते. नळी काचेची हवी, कोरडी हवी, नवी असेल तर उत्तम. मग दोन मिली रक्त घालून ती नळी स्टँडला ठेवते आणि पाचव्या मिनिटाला उचलून तिरकी करून पाहते. गोठलंय का? दहाव्याला पुन्हा. हलवलेल्या नळीचा निकाल धरता येत नाही. नळीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विषाने रक्त गोठणं बंद केलंय, प्रतिविष लागणार.

इथपर्यंत बहुतेकांना शिकवता येतं. खरी गोम पुढे आहे. नळीत रक्त छान गोठतं, इंटर्न हसतमुखाने येऊन सांगते, "सर, टेस्ट नॉर्मल," आणि तिच्या मनातली केस संपते. तेव्हा तिला पेशंटजवळ परत न्या आणि विचारा, कुठे झोपला होता? जमिनीवर. कधी चावला? पहाटे, कळलंच नाही. पोटात दुखतंय? हो. आता त्याला वर बघायला सांग आणि पापण्या बघ. मण्यारीच्या दंशात रक्त गोठतं, दंशाची खूणही धड दिसत नाही, पण पापण्या जड होतात आणि नंतर श्वास अडतो. मी इंटर्नला पापण्यांजवळ टॉर्च धरून उभं करतो आणि दर पंधरा मिनिटांनी कागदावर लिहायला लावतो: पापण्या, गिळणं, मान उचलता येते का, एका श्वासात किती आकडे मोजतो. पहिल्या वेळी वीस मोजणारा माणूस तासाभराने अकरावर आला, की त्या मुलीला जे समजतं ते पुस्तकाच्या दहा पानांत समजत नाही.

मग प्रतिविष. सुरुवातीचे १० व्हायल सलाइनमधून तासाभरात, त्वचेवर टेस्ट डोस नाही. आणि पहिला थेंब जाण्याआधी ॲड्रेनलिन, म्हणजे प्रतिविषाची जोरदार ॲलर्जी आली तर लागणारं इंजेक्शन, सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवलेलं. मी सही करताना नेमकं हेच बघतो. प्रतिविषाचा डोस सगळ्यांना येतो. ॲड्रेनलिन आधी भरून ठेवणारी इंटर्न रात्री एकटी राहू शकते. ज्या दिवशी हे मी न सांगता तिने केलं, त्या दिवशी तिच्या लॉगबुकात मी नुसता "सर्पदंश, पाहिला" एवढा शेरा लिहीत नाही. "प्रतिविष स्वतः सुरू केलं, आधी ॲड्रेनलिन भरलं, सहा तासांनी चाचणी पुन्हा केली" असं लिहून तारीख घालतो. अशी एक ओळ कोऱ्या पानांवरच्या पन्नास सह्यांना भारी पडते.

द्राक्षपट्ट्यातल्या, म्हणजे तासगाव-पलूसकडच्या, कीटकनाशक प्यालेल्या किंवा फवारताना भोवळ आलेल्या पेशंटलाही हेच लागू. उतारा म्हणून ॲट्रोपिन किती द्यायचं यापेक्षा छाती कोरडी झाली का हे दर काही मिनिटांनी कानाने ऐकणं शिकवा. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

रात्रीच्या फोनाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. इंटर्नच्या हातून होणाऱ्या मोठ्या गडबडीमागे बहुतेक वेळा अज्ञान नसतं, फोन न केलेला असतो. "मॅडमना कशाला उठवायचं" या विचारात तास जातो. पहिल्याच दिवशी ड्यूटी रूमच्या भिंतीवर एक कागद लावा: वरचं ब्लडप्रेशर ९० च्या खाली, ऑक्सिजन ९४ च्या खाली, बाळंतपणानंतर न थांबणारा रक्तस्राव, झटके, साप, विष, छातीत दुखणं, दूध न पिणारं तान्हं बाळ. यातलं काहीही असलं तर वेळ न बघता फोन. आणि मग सगळं तुमच्यावर आहे. रात्री दोनला पहिला फोन आला आणि तो निष्कारण निघाला, तर तुम्ही कसं बोलता यावर पुढचं सगळं वर्ष ठरतं. "हेवढ्यासाठी उठवलंस?" हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की दुसरा फोन येत नाही, आणि नेमका तोच यायला हवा असतो. फोनवर काय सांगायचं तेही शिकवा. पेशंट कोण, काय बिघडलंय, मी काय केलंय, तुमच्याकडून काय हवंय. शेवटचं वाक्य पोरं गाळतात. ते आवर्जून विचारा: "तुला काय वाटतं, काय करावं?" उत्तर चुकलं तरी चालेल, पण ते आलं पाहिजे.

नीट-पीजीचा विषय टाळून चालणार नाही. या मुलांना नावं ठेवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. जागा कमी, स्पर्धा मोठी, घरच्यांनी पै-पै करून शिकवलेलं. त्यांची धास्ती खरी आहे. मी सरळ सौदा करतो. दुपारी ओपीडी संपली की ठरावीक वेळ अभ्यासाची, त्या वेळेत इमर्जन्सी सोडून कुणी त्यांना हाक मारायची नाही, प्यूनसुद्धा नाही. बदल्यात सकाळची ओपीडी आणि रात्रीची ड्यूटी पूर्ण माझी, तिथे मोबाइलवर प्रश्नसंच उघडायचा नाही. लेखी वेळापत्रक लावलं की बहुतेक मुलं पाळतात. त्यांना हेही दाखवून द्या की मण्यारीची केस ज्याने रात्रभर पाहिली, त्याला त्यावरचा प्रश्न पाठ करावा लागत नाही.

आता न जमणारा इंटर्न. दर दोन-तीन तुकड्यांमागे एक असतो. कधी तो आळशी असतो, पण बरेचदा घाबरलेला असतो, किंवा घरी काही बिनसलेलं असतं, किंवा भाषा येत नसते. अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या मुलाला म्हातारी सांगते, "छातीत कसंतरीच होतंय, जीव घाबराघुबरा होतोय," आणि तो पोटाच्या गोळ्या लिहितो. त्याला आठवडाभर आशाताईंबरोबर घरोघर पाठवा, फरक पडतो. पण काही जणांचा प्रश्न खरोखर कामाचा असतो. त्यांना तिसऱ्या आठवड्यात सांगा, शेवटच्या दिवशी नाही. बंद दाराआड, नेमकं काय पाहिलं ते सांगून, आणि दोन ओळी लिहून ठेवून. सुधारलं नाही तर कॉलेजला लेखी कळवा. पोस्टिंग वाढवण्याची, पुन्हा करायला लावण्याची सोय आहेच. मग घरून फोन येतात, ओळखीच्या पुढाऱ्याचा येतो, "पोराचं वर्ष वाया जाईल हो डॉक्टर." मी त्यांना एवढंच विचारतो, तुमच्या घरी कुणाला बाळंतपणाला याच पोराच्या हाती द्याल का? बहुतेक वेळा तिथे बोलणं संपतं. पूर्वी मी जिथे काम केलं त्या एका रुग्णालयात वर्षाच्या शेवटी लॉगबुकांचा ढीग एका टेबलावर यायचा आणि एकाच बैठकीत, एकाच पेनाने सगळ्या सह्या व्हायच्या. बारा महिन्यांची शाई एकाच रंगाची. ते पाहून मला जेवढं वाईट वाटलं तेवढं क्वचित कशाने वाटलं असेल, कारण त्या ढिगात मन लावून काम केलेली मुलंही होती आणि त्यांची मेहनत त्याच शाईत बुडून गेली.

परदेशातून एमबीबीएस करून आलेल्या मुलांकडे वेगळं लक्ष द्या. सांगली-साताऱ्यातून किती तरी घरांनी मुलं बाहेर पाठवली आहेत. ती परतल्यावर एफएमजीई ही परदेशी पदवीधरांसाठीची परीक्षा पास होतात, म्हणजे ३०० पैकी १५० गुण, मग तात्पुरती नोंदणी घेऊन इथे १२ महिने काढतात. कॉलेजांना त्यांच्यासाठी साडेसात टक्के जादा जागा ठेवायच्या असतात. वॉर्डात यांना दुय्यम वागणूक मिळते, सलाइनच्या बाटल्या बदलायला उभं केलं जातं. ते थांबवा. अनेकांनी पेशंटला हात कमी लावलेला असतो हे खरं, पण म्हणूनच त्यांना पहिल्या पायरीवर जास्त वेळ द्यायचा, वगळायचं नाही. त्यांच्यातले काही जण परीक्षेच्या खस्ता खाऊन इतके पिकलेले असतात की महिन्याभरात बाकीच्यांच्या पुढे जातात.

मृत्यूच्या दाखल्याबद्दल एक गोष्ट. इंटर्नने त्यावर सही करायची नाही, तशीच वैद्यकीय प्रमाणपत्रावर आणि पोलीस केसच्या कागदावरही नाही, कितीही गर्दी असो. "मॅडम मीटिंगला गेल्यात, तू कर" हे कधीच नाही. पण लिहायला मात्र शिकवायचं. फॉर्म चारच्या, म्हणजे मृत्यूचं कारण लिहायच्या फॉर्मच्या, झेरॉक्सवर त्यांना भरू द्या. दहापैकी आठ जण मृत्यूचं कारण म्हणून "हृदयक्रिया बंद पडल्याने" लिहितात. ती तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते. ती कशामुळे बंद पडली, आणि ते कशामुळे झालं, अशी उलटी साखळी लिहायला लावा. कायम नोंदणीनंतर पहिल्याच आठवड्यात त्यांना हा कागद स्वतःच्या नावाने भरावा लागणार आहे.

सही करण्याआधी लेबर रूमच्या सिस्टरांना विचारा. हा नियम मी कधी मोडत नाही. डॉक्टरसमोर सगळेच शहाण्यासारखे वागतात. रात्री तीनला बाळंतिणीशी कसं बोलतो, हात धुतो का, उचलायला सांगितलेली सुई ट्रेमध्ये टाकून जातो का, हे सिस्टरांना, ड्रेसरला आणि आशाताईंना माहीत असतं. पहिल्या दिवशीच इंटर्नसमोर सांगून टाका की सिस्टरांचं मत घेऊनच सही होईल. वागणं त्याच संध्याकाळपासून बदलतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. पोस्टिंग संपायच्या आत मुलांना सांगा की दहावीच्या प्रमाणपत्रावरचं, विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवरचं आणि तात्पुरत्या नोंदणीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा. वडिलांचं नाव एका ठिकाणी असतं, दुसऱ्या ठिकाणी नसतं, आडनावाचं स्पेलिंग फिरलेलं असतं, आणि मग कायम नोंदणी महिनोन् महिने लटकते. मुलींची लग्न झाल्यावर नाव बदलण्याची घाई असेल तर नोंदणी होईपर्यंत थांबा म्हणावं. रजेचा हिशोबही त्यांनी स्वतः ठेवावा. वर्षात १५ दिवस मिळतात, त्यापुढचे दिवस शेवटी भरून काढावे लागतात, आणि पीजीच्या प्रवेशाला इंटर्नशिप संपल्याची शेवटची तारीख असते. दोन दिवस जास्त झालेल्या रजेने वर्ष गेलेली मुलं मला माहीत आहेत.

आता तुमची भीती: चुकलं तर जबाबदारी माझी. ती तशीही तुमचीच आहे. इंटर्नला कोपऱ्यात बसवल्याने ती टळत नाही, फक्त वर्षभर पुढे ढकलली जाते, आणि पुढे जी चूक होईल ती दुसऱ्या तालुक्यातल्या पेशंटच्या वाट्याला येते. तुमचं संरक्षण तुमच्या वहीत आहे: कुणाला कुठल्या पायरीवर, कोणत्या तारखेला, काय करायला दिलं आणि तेव्हा तुम्ही कुठे होता. केसपेपरवर इंटर्नने लिहिलेल्या नोंदीखाली त्याच दिवशी तुमची सही आणि वेळ घाला. पेशंटलाही मोकळेपणाने सांगा की या शिकाऊ डॉक्टर आहेत आणि मी इथेच आहे. मिरजेला हाताखाली घेऊन शिकवण्याची रीत १८९४ मध्ये वॉनलेस रुग्णालय सुरू झालं त्या काळापासूनची आहे, आणि इकडचे पेशंट त्याला सहसा हरकत घेत नाहीत. हरकत घेतात ती न विचारता केल्याची.

पुढची तुकडी आली की पहिल्या दिवशी ओपीडी तासभर उशिरा सुरू करावी लागली तरी चालेल, पण एवढं करा: भिंतीवरचा फोनचा कागद, दुपारच्या अभ्यासाची वेळ, सिस्टरांची ओळख, आणि प्रत्येकाच्या नावाने वहीत एक पान. काचेच्या नळ्या केंद्रात आहेत का तेही त्याच दिवशी इंटर्नलाच शोधायला लावा. नसतील तर मागणीपत्र त्यांच्याकडूनच लिहून घ्या, सही तुमची.